उसना रंग

मी काय काम करते असं कुणी विचारलं, तर माझी धाकटी बहीण सांगते, "ताई उभी राहते." लोकांना आधी वाटतं निवडणुकीला. मग ती खुलासा करते की रस्त्याच्या कडेला, गळ्यात कॅमेरा अडकवून, दिवसच्या दिवस. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो आणि तिला त्याची भारी गंमत वाटते.

तिचं काही खोटं नाही. फोटो निघायला पापणी लवते तेवढाच वेळ लागतो, बाकी सगळं उभं राहणंच असतं. मी आधी रस्ता निवडते, मग त्यातला एक कोपरा आणि त्या कोपऱ्यातला एक रंग. एखादं निळं शटर, नाहीतर अंजिरी भिंत. त्या रंगाला उत्तर देणारा दुसरा रंग कुणाच्या तरी अंगावर बसून चालत येईपर्यंत वाट बघायची. कधी तो येतो, कधी आठवडा फुकट जातो. कुणाला थांबवायचं नाही, कुणाला 'जरा इकडे बघा' म्हणायचं नाही, आणि घरी जाऊन कॉम्प्युटरवर रंगात ढवळाढवळ करायची नाही, हे माझे नियम. कृष्णधवल फोटो काढणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. जगातला रंग काढून घ्यायचा आणि उरलेल्याला गांभीर्य म्हणायचं, हे माझ्या डोक्यात शिरतच नाही. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीत एक पिवळीधमक बादली उपडी घातलेली होती. तो दिवस मला आठवतो तो त्या पिवळ्यासकट. दुःख काय राखाडीच असतं असं थोडंच आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माणूस लाल भिंतीजवळून गेला की भिंतीचा लाल त्याच्या गालावर उतरतो. हनुवटीखाली उतरतो, पांढऱ्या बाहीच्या आत उतरतो. आपल्याला तो सहसा दिसत नाही, कारण डोळा समजूतदार असतो. गाल गव्हाळ आहे हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो गव्हाळच दाखवतो. कॅमेऱ्याकडे तेवढा समजूतदारपणा नसतो. घरात आम्ही याला उसना रंग म्हणतो. शब्द धाकटीचा. ती शाळेत गणित शिकवायची, उसने घेणं तिच्या हाडामासात भिनलेलं. गालावरचा उसना रंग बघून मी सांगू शकते की त्या माणसासमोर, चौकटीच्या बाहेर काय उभं होतं, हिरवी गाडी की निळी ताडपत्री. कुणीतरी दिल्याशिवाय तो येत नाही, एवढं मी या धंद्यात शिकले.

गेल्या वर्षी धाकटीच्या हृदयाची झडप बदलली. ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यातल्या बाकावर बसले होते आणि मला एकही रंग दिसत नव्हता, हे कबूल करते. आई-वडील गेले, लग्न दोघींनीही केलं नाही, आणि माझ्या वाकड्या स्वभावाला आयुष्यभर पुरून उरली ती ही एकटी. ती वाचली. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं. म्हणून मग ती दुपारी माझा डबा घेऊन रस्त्यावर यायला लागली. मी तिच्यावर खेकसायचे की उन्हात कशाला आलीस, आणि ती आली नाही तर माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

तो रस्ता मी माझ्या फोटोंच्या पुस्तकासाठी निवडला होता. एका बाजूला ओळीने लहान दुकानं. एक कायमचं बंद निळं शटर, त्याला लागून इस्त्रीवाला, त्याच्या पलीकडे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांची टपरी. आम्ही त्यांना घड्याळवालेच म्हणायचो. दुसऱ्या बाजूला एका जुन्या गोदामाची लांबच लांब, उंच सिमेंटची भिंत. तिला खिडकी नाही, जाहिरात नाही, साधं पोस्टर नाही. मी त्या भिंतीला पाठ टेकवून उभी राहायचे. दुपारनंतर तिथे सावली असायची, आणि मुख्य म्हणजे राखाडी भिंत कुणाला काही उसनं देत नाही. समोरून जाणाऱ्यांचे चेहरे स्वच्छ मिळायचे. अशी जागा मिळायला नशीब लागतं, असं मी धाकटीला म्हटलंही होतं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते पिवळ्या छत्रीवाल्या बाईच्या फोटोत. निळ्या शटरवर पिवळी छत्री, आणि खाली तिचा विचारात हरवलेला चेहरा. मनासारखा फोटो. पण तिच्या माझ्याकडच्या गालावर हिरवट काहीतरी होतं. शेवाळी म्हणावं तर शेवाळी नव्हे. हौदात महिनोन्महिने साचलेल्या पाण्याला असतो तसला काहीतरी. रंगांची नावं घेण्यात मी कुणाला हार जात नाही, पण याला नाव सापडेना. मी म्हटलं, एखादा टेम्पो मागून गेला असेल.

मग तो इतरांच्याही गालांवर दिसायला लागला. इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा घेऊन निघाला, त्याच्या मानेवर. शाळेतून येणाऱ्या मुलींच्या पांढऱ्या सदऱ्यांवर. मला राग आला तो कॅमेऱ्याचा. लेन्स बदलली, तरी तेच. दुरुस्तीवाल्याकडे टाकला. त्याने दोन दिवस ठेवून घेतला आणि 'काही झालेलं नाही, तुमचा चष्मा तपासा' असं सांगून परत दिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तकाचे संपादक घरी आले, त्यांनी टेबलावर पसरलेले फोटो पाहिले आणि म्हणाले की सुरेख आहेत, फक्त ती हिरवट झाक आपण काढून टाकू. मी सांगितलं की झाक काढायची असेल तर पुस्तकही काढू नका. ते बिचारे चहा न पिता गेले. धाकटी मला बोलली. पण उसना रंग पुसणं म्हणजे समोर काय होतं ते पुसणं, आणि ते मी कधी केलं नव्हतं.

तिने मग शाळेतल्या सवयीने सगळे फोटो दोन रांगांत लावले. डावीकडून उजवीकडे जाणारी माणसं एका रांगेत, उलट येणारी दुसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेत रंग सगळ्यांच्या उजव्या गालावर होता, दुसऱ्या रांगेत डाव्या.

"म्हणजे तो समोरून येत नाही," ती म्हणाली. "तुझ्या बाजूने येतोय."

माझ्या बाजूला मी होते आणि राखाडी भिंत होती. मी त्या दिवशी काय कपडे घातले होते ते आठवून पाहिलं. मी रस्त्यावर कायम करडेच कपडे घालते, कुणाच्या गालावर मी उतरू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी भिंत तपासली. हात फिरवला, ओली आहे का पाहिलं, वर गच्चीपर्यंत नजर टाकली. कोरडी ठणठणीत. मी पुन्हा पाठ टेकवून उभी राहिले. घड्याळवाले डोळ्यावरचं भिंग वर सरकवून माझ्याकडे बघत होते. नेहमी हात करायचे, त्या दिवशी केला नाही. संध्याकाळी मीच गेले त्यांच्याकडे. त्यांनी जरा घुश्शातच सांगितलं की काल चहा मागवला होता, तुम्हाला इतक्या हाका मारल्या, तुम्ही ढुंकूनसुद्धा पाहिलं नाहीत. ऊन अंगावर आलं तरी जागेवरून हलला नाहीत, हेही म्हणाले.

काल मी रस्त्यावर आलेच नव्हते. दिवसभर. धाकटीला तपासणीला न्यायचं होतं म्हणून सकाळी घरीच होते, आणि दुपारी आम्ही दोघी दवाखान्यात होतो. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी लपवते आहे. वय झालं की दिवस इकडचे तिकडे होतात, असं म्हणून मी विषय सोडला. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्यानंतर त्यांनी आपलं स्टूल फिरवून घेतलं. माझ्याकडे पाठ करून बसायला लागले. घड्याळांचं काम करणारा माणूस उजेडाकडे पाठ करून बसत नाही, त्याच्या हातांवर त्याचीच सावली पडते. तरी ते तसेच बसत. इस्त्रीवाल्याने माझ्या बाजूला एक चादर बांधून टाकली, धूळ येते म्हणून. पिवळ्या छत्रीवाली दिसेनाशी झाली. लोक त्या पट्ट्यात आले की पावलं उचलून टाकत आणि मान वळवून घेत. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला ते बरंच वाटलं. गर्दी कमी झाली, चौकट मोकळी झाली. फोटो काढणारी माणसं अशी असतात.

शेवटी मी माझा नियम मोडला आणि धाकटीला उभं केलं. एक मोठा पांढरा पुठ्ठा घेतला. पांढऱ्यावर उसना रंग लपत नाही. तिने निळ्या शटरसमोर उभं राहून तो पुठ्ठा माझ्याकडे तोंड करून छातीशी धरायचा, मी फोटो काढायचा, मग तिने थोडं पुढे यायचं, पुन्हा फोटो. किती लांबून किती रंग पडतो ते कळलं की देणारा कुठे आहे ते कळतं. साधा हिशोब आहे, तिला तर फारच आवडला. ती हसत हसत एकेक पाऊल पुढे येत होती. मी शेवटचा फोटो काढला तेव्हा ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि हसायची थांबली होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, दम लागला.

घरी येऊन फोटो शेजारी शेजारी ठेवले. पुढे येईल तसा पुठ्ठा गडद होत गेला होता, आणि प्रत्येक फोटोत वरच्या कडेला जास्त गडद होता. म्हणजे देणारा माझ्यापेक्षा उंच होता. धाकटीने कागदावर रेघा मारल्या आणि सगळ्या रेघा एका जागी येऊन मिळाल्या. माझ्या डाव्या खांद्याच्या वर, किंचित मागे. माझी पाठ भिंतीला टेकलेली होती. त्या दोन्हींच्या मध्ये हातसुद्धा शिरला नसता.

 तिने तो कागद चुरगळून टाकला आणि म्हणाली, रेघा चुकल्या असतील. ती आयुष्यात रेघा चुकलेली नव्हती. मी रस्ता सोडायचं ठरवलं. पुस्तक गेलं खड्ड्यात. तिला तसं म्हटलंही, आणि तिने हो म्हटलं, वाद न घालता. एरवी तिने घातला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहाला बसलो. आमचं जेवणाचं टेबल खिडकीला लागून आहे. ती समोर बसते, मी पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून. तिने कप उचलला आणि मला तिच्या हनुवटीखाली तो रंग दिसला. कॅमेऱ्यातून नाही, नुसत्या डोळ्यांनी. गालावर, मानेच्या घळीत, मनगटाच्या आतल्या बाजूला. मी उठून तिच्या उजव्या हाताला जाऊन बसले. तो तिच्या उजव्या गालावर आला. मी डावीकडे गेले, तो डावीकडे आला.

"काय गं ही संगीतखुर्ची चालवलीयस?" ती म्हणाली.

मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं.  रस्ता सोडला तरी ते रस्त्यावर राहिलं नव्हतं. ते माझ्याबरोबर घरी आलं होतं आणि आता जिथे मी बसेन तिथून तिच्यावर पडत होतं.

मी तिच्यासमोर बसणं बंद केलं. जेवताना शेजारी बसायचे, खांद्याला खांदा लावून. बोलताना मान वळवून घ्यायचे. आरशातही मागे काही दिसायचं नाही, मी शंभर वेळा पाहिलं. ती थकत चालली होती. जिना चढताना पुन्हा थांबायला लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि झडप उत्तम चालली आहे, अशक्तपणा आहे, खाणंपिणं बघा असं सांगून हात झटकले. मला मात्र रोज तो रंग थोडा जास्त दिसत होता. आता मी खोलीबाहेर गेले तरी तो लगेच जात नसे.

एका दुपारी मी बाजारातून परत आले तर ती पलंगावर उठून बसलेली. रुसल्यासारखी.

"मघाशी दारात उभी होतीस तर बोलली का नाहीस?"

"कधी?"

"मी झोपले होते तेव्हा. किती वेळ बघत होतीस माझ्याकडे. मी दोनदा ताई म्हटलं."

माझ्या हातात पिशव्या तशाच होत्या. चपलासुद्धा काढायच्या होत्या अजून. मी तिला म्हटलं, हो, तुझी झोपमोड नको म्हणून गप्प राहिले. ती निवली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्याच्या आवाजात रडून घेतलं.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी निर्णय घेतला. विचार सरळ होता. ते माझ्या खांद्यामागे आहे. मी जाईन तिथे ते येईल. मी हिच्यापासून लांब गेले तर तेही लांब जाईल. तिला सांगितलं की दुसऱ्या गावातलं काम आलंय, बंदरावरच्या रंगाऱ्यांवर, महिना तरी लागेल. तिने विचारलं, पुस्तकाचं काय. मी म्हटलं, होईल. शेजारणीला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. निघताना धाकटीला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलं नाही, कारण जवळून रंग जास्त पडतो. दारातूनच हात केला. तिने माझा हात पाहिला, मग माझ्या खांद्याच्या वर जरा पाहिलं आणि मग हसली.

लॉजवरची खोली बरी होती. एक खाट, एक टेबल, खिडकीतून दिसणारी उन्हाने पांढरी पडलेली गच्ची. मी तो पुठ्ठा बरोबर आणला होता. मन धीर धरेना, म्हणून लॉजच्या मॅनेजरना वर बोलावलं आणि पुठ्ठा धरून समोर उभं राहायला सांगितलं. त्यांना मी वेडी वाटले असणार, पण त्यांनी धरला. मी फोटो काढला. खिडकीशी नेऊन पाहिला.

पुठ्ठा पांढरा होता. वर पांढरा, खाली पांढरा, कडेला गच्चीच्या उन्हाची जराशी ऊब. मी आणखी काढले, जवळून, लांबून, भिंतीला पाठ टेकवून. स्वच्छ. मॅनेजरांनी विचारलं की काही चुकलंय का. मी त्यांना म्हटलं की नाही हो, सगळं छान आहे. माझ्या जिवात जीव आला होता. प्रवासात कुठेतरी ते गळून पडलं, थकलं, सुटलं. मला ते कसं हे समजून घ्यायची गरज वाटली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी एका गोष्टीचं कारण शोधलं नाही.

तरी खबरदारी म्हणून आठवडाभर थांबायचं ठरवलं. बंदरावर खरंच गेले, बोटींना रंग देणाऱ्यांचे फोटो काढले. शेंदरी हात, पोपटी हात. रोज फोटोत बघायचे, ज्याचा त्याचा रंग ज्याच्या त्याच्या गालावर. धाकटीला रोज फोन करायचे. पहिल्यांदा ती भरभरून बोलली. जेवलीस का, खोली कशी आहे, डास आहेत का. आवाज ताजातवाना होता, जिन्यावर आता थांबावं लागत नाही म्हणाली. मी देवाचे आभार मानले, आणि मी काही तशी देवाला हात जोडणारी नाही.

पुढेपुढे ती थोडक्यात आवरायला लागली. घरी पाहुणे बसलेले असताना माणूस बोलतो तसं, अर्धं लक्ष दुसरीकडे ठेवून. मध्येच फोन बाजूला धरून काहीतरी म्हणायची. शेजारीण आली असेल असं मला वाटायचं. एक गोष्ट मात्र मला लागली. तू कधी येतेस, हे तिने एकदाही विचारलं नाही. मी मनातल्या मनात रुसले. एवढी बरी झाली तर ताईची आठवणही येईना.

निघायच्या दिवशी दुपारी मी बॅग भरत होते. कपडे होत आले होते, पुठ्ठा कुठे बसवावा याचा विचार चालला होता. फोन वाजला. धाकटीने फोटो पाठवला होता.

आमचं टेबल. ती नेहमीच्या जागी बसलेली. केस विंचरलेले, डोळे चमकदार, दोन्ही हात चहाच्या कपाभोवती. ती हसत होती, आणि तो रंग तिच्या सबंध चेहऱ्यावर होता. कपाळावर, दातांवर, डोळ्यांच्या पांढऱ्यात. उसना म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं.

खाली तिने लिहिलं होतं, "सकाळी तू काढलेला. छान आलाय. तुझ्याकडेपण असू दे."

मी ते पुन्हा वाचलं.

मग मी चौकट बघितली. नको असतानाही बघितली, सवयीने. डोळ्याच्या उंचीवरून घेतलेला. डावीकडे थोडी जागा सोडलेली. खिडकीचा निळा पडदा कडेला बोटभर, तिच्या हिरव्याला उत्तर देण्यापुरता. तिला 'इकडे बघ' म्हटलेलं नव्हतं, ती आपसूक हसेपर्यंत कुणीतरी वाट पाहिली होती.

फोटो चांगला होता. मीही तो असाच काढला असता.

लॉजच्या खाटेवर, हातात अर्धवट घडी केलेला शर्ट घेऊन बसल्या बसल्या मला माझी चूक कळली. रंग माझ्या बाजूने येत होता. माझ्या बाजूने, एवढंच त्या फोटोंनी सांगितलं होतं. तो माझ्यासाठी आलाय हे मी माझं ठरवलं होतं. तिच्याजवळ मी बसलेली असायचे तोवर निदान मध्ये कुणीतरी होतं. तो आडोसा मीच उठवून नेला होता.

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली.

"अगं," धाकटी म्हणाली, "आतल्या खोलीतून फोन काय करतेस? हाक मारायची की."

"मी घरी नाहीये. ऐक माझं. चप्पल घाल आणि बाहेर जा. शेजारी जा. आत्ता."

"आले, आले."

"आत जाऊ नकोस. अगं, मी इथे आहे, लॉजवर. ऐकतेयस ना?"

ती ऐकत नव्हती. फोन तिने कानावरून खाली घेतला असावा. खुर्ची मागे सरकली. मग तिच्या सपाता, ऑपरेशननंतर ती चालते तशा, सावकाश, टेबलापासून मधल्या बोळाकडे. मी ओरडत होते. खालून मॅनेजर धावत वर आले आणि दारात उभे राहिले.

सपाता थांबल्या.

घरी माझ्या खोलीचं दार फरशीला घासतं. ते घासल्याचा आवाज आला.

"बोल," धाकटी म्हणाली. मला नाही. "काय हवंय तुला?"

आणि मी गप्प झाले. उत्तर ऐकू यावं म्हणून.